बत्तीसची जीन्स दर वेळी वेगळीच का निघते?

तक्रार ठरलेली असते. मागच्या वर्षी याच कंपनीची ३२ नंबरची जीन्स मागवली, अंगासरशी बसली. यंदा तीच कंपनी, तोच नंबर, आणि मांडीवरून वर चढता चढत नाही. परत पाठवून ३४ मागवली तर कंबरेत अख्खा हात जातो. तीही परत. तोवर सेल संपलेला, हवा तो रंग शिल्लक नाही, आणि पैसे 'पाच ते सात कामकाजाच्या दिवसांत' येणार आहेत. पुढच्या सीझनला पुन्हा हेच चक्र.

अशा वेळी माणूस आधी स्वतःच्या पोटाकडे बघतो. पोट सुटलंही असेल, दिवाळी सगळ्यांनाच बाधते. पण बहुतेक वेळा गोंधळ आपल्या कंबरेत नसून लेबलवर असतो. खाली लक्षणांप्रमाणे कारणं आणि उपाय लिहिले आहेत. सुरुवात आकड्यापासून, कारण अर्ध्याहून जास्त भांडण तिथलंच आहे.

नंबर तोच, माप वेगळं

लेबलवरचा ३२ टेप लावून लिहिलेला नसतो. ३२ च्या जीन्सला टेप लावा, कमरपट्टी बहुधा ३३ किंवा ३४ इंच भरेल. यातला थोडा सैलपणा गरजेचा असतो, शर्ट खोचायला आणि बसायला जागा लागते. उरलेला गिऱ्हाइकाला खूश ठेवण्यासाठी असतो. ज्याची कंबर ३४ आहे त्याला ३२ मध्ये शिरता आलं की तो ती जीन्स परत पाठवत नाही, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. कोणती कंपनी किती सैल सोडते याचा काही नियम नाही.

पण एकाच कंपनीच्या दोन ३२ मध्ये फरक का पडतो? इथे कारखान्यात डोकवावं लागतं. डेनिमचे थर एकावर एक रचून एकदम कापतात. जाड कापडात सुरी जराशी कलली तरी वरच्या आणि खालच्या थराच्या तुकड्यांत फरक येतो. शिवताना टीप थोडी आत-बाहेर जाते. म्हणून ठरलेल्या मापापेक्षा कंबरेत अर्धा इंच कमी-जास्त असलेला माल साधारणपणे पास करतात. एक नग अर्धा इंच कमी आणि दुसरा अर्धा इंच जास्त निघाला, तर दोन 'पास' झालेल्या ३२ मध्ये एका इंचाचं अंतर पडलं.

त्याहून मोठा घोळ धुलाईत होतो. जीन्स शिवून झाल्यावर तिला तो जुनाट, उडालेला रंग यावा म्हणून मोठ्या मशीनमध्ये दगड, एन्झाइम किंवा ब्लीच घालून घुसळतात. (उल्हासनगरच्या अशा धुलाई कारखान्यांचं प्रकरण वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून न्यायालयापर्यंत गेलं, ते याच पाण्यामुळे.) जितकी धुलाई जोरदार, तितकं कापड कारखान्यातच आटतं. गडद निळ्या जीन्सला धुलाई कमी, म्हणून ती उरलेलं आटणं तुमच्या बादलीत करते. त्यामुळे एकाच मॉडेलची फिकी आणि गडद जीन्स शेजारी ठेवून मोजली तर त्या सारख्या निघतीलच असं नाही. 'माझ्याकडे हीच आहे, फक्त काळी मागवतो' हे वाक्य म्हणूनच महागात पडतं. रंग बदलला की माप पुन्हा तपासायचं.

तिसरं कारण आपल्या देशाचं आहे. आपल्याकडचे साइज चार्ट बहुतांशी ब्रिटिश आणि अमेरिकन तक्त्यांवरून बेतलेले आहेत. भारतीय शरीरांची स्वतःची मापं असावीत म्हणून निफ्टने, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, 'इंडियासाइझ' हा प्रकल्प हाती घेतला: सहा शहरं, १५ ते ६५ वयाची पंचवीस हजार माणसं, थ्रीडी स्कॅनरने मोजणी. ते तक्ते कंपन्यांच्या अंगवळणी पडेपर्यंत बारीक पाय आणि पुढे आलेलं पोट ही आपल्याकडची सर्रास दिसणारी ठेवण चार्टमध्ये सापडणार नाही.

उपाय: स्वतःची सहा मापं

दुकानात घालून बघता येत होतं, ऑनलाइन ते नाही. त्याची भरपाई एकाच गोष्टीने होते. कपाटातली जी जीन्स तुम्ही डोळे झाकून घालता, ती मोजून ठेवायची. शरीर मोजायचं नाही. शरीर मोजताना आपण श्वास आत घेतो आणि टेपही ओढतो.

जीन्स धुऊन वाळलेली घ्या. दिवसभर घातलेली ताणून सैल झालेली असते. बटण आणि चेन लावून ती फरशीवर पसरा, गादीवर नको, गादी दबते आणि मापात पाव इंच इकडेतिकडे होतो. कमरपट्टीची मागची कड पुढच्यापेक्षा उंच असते. ती तशीच ठेवून मोजली तर एक माप येतं आणि दोन्ही कडा एका रेषेत आणून मोजली तर दुसरं. कडा जुळवून, सुरकुती जाईल इतपतच ओढून, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ही कंबर.

मग मांडी: दोन पायांच्या शिवणी जिथे भेटतात त्याच्या एक इंच खाली, आडवी. पुढची उंची: त्याच सांध्यापासून वर कमरपट्टीच्या कडेपर्यंत. साइटवर हिला 'फ्रंट राइज' म्हणतात आणि खरी मेख इथेच असते. मग गुडघा, मोहरी म्हणजे पायाजवळची रुंदी, आणि सांध्यापासून खालपर्यंत आतली लांबी. उदाहरणार्थ: कंबर ३३.५, राइज १०.२५, मांडी १२, गुडघा ८.५, मोहरी ७.५, लांबी २९.५. हे मोबाइलच्या नोट्समध्ये टाका. घरातली कापडी टेप वर्षानुवर्षं वापरून ताणलेली असते, एकदा ती स्टीलच्या पट्टीला लावून बघा.

आता नवी जीन्स बघताना आधी मांडी, मग राइज, मग कंबर. लोक उलट क्रमाने बघतात आणि फसतात. कंबर कोपऱ्यावरचा शिंपीही कमी करून देतो. मांडी आणि राइज वाढवायला कापड आणणार कुठून?

चार्ट वाचताना होणारी गल्लत

साइज चार्टखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मापं शरीराची आहेत की कपड्याची. काही साइट दोन्ही देतात आणि मध्ये एक बटण असतं. आपल्याला कपड्याची मापं हवीत. जिथे फक्त शरीराची आहेत, तिथे 'कंबर' म्हणजे बेंबीपाशी नाही, तर जिथे तुम्ही पँट बांधता तिथे. पोट असलेल्या माणसाच्या या दोन मापांत चांगले तीन-चार इंच निघू शकतात, आणि ३८ मागवून ३४ लागणारे बहुतेक जण याच वाटेने गेलेले असतात.

चार्ट एकाच कंपनीचा सगळ्या जीन्सना एकच लावलेला दिसला तर त्यावर विसंबू नका. स्लिम आणि बॅगी दोघींची मांडी एकच दाखवणारा तक्ता कोणी तरी चिकटवून मोकळा झालेला असतो. तिथे फोटोसकट असलेले रिव्ह्यू उपयोगी पडतात, विशेषतः ज्यांत उंची-वजन लिहिलंय ते. 'ऑसम प्रॉडक्ट' वाले सोडून द्या. मॉडेलची उंची आणि त्याने घातलेला साइज बघा, पण फोटोतल्या बसण्यावर भाळू नका. मागून चिमटे लावून जीन्स चापून बसवण्याची पद्धत फोटो स्टुडिओत जुनी आहे.

आणि 'तुमच्यासाठी योग्य साइज ३४' असं साइटच सुचवते तेव्हा एक विचारा: या खात्यावरून घरात कोणाकोणासाठी कपडे मागवले जातात? बाबांची ३८ आणि धाकट्याची २८ एकाच खात्यावर असतील तर सुचवणारं यंत्र तरी काय करणार.

ट्रेंडप्रमाणे घेतली, पण ध्यान दिसतंय

सध्याचं सगळ्यात मोठं दुखणं हे. २००० नंतरच्या दशकात पाय आवळत गेले आणि पुढची दहा-पंधरा वर्षं पुरुषांची जीन्स म्हणजे स्किनी किंवा स्लिम हेच समीकरण होतं. २०२१ च्या आसपासपासून वारं फिरलं. आता स्ट्रेट, रिलॅक्स्ड, लूज आणि बॅगी. सत्तरच्या दशकातलं बेलबॉटम ज्यांनी घातलं त्यांना यात नवल वाटत नाही, ते नुसते हसतात.

अडचण अशी की वारं फिरलं की नावांचे अर्थही सरकतात. आज 'स्लिम' म्हणून विकली जाणारी जीन्स पाच वर्षांपूर्वीच्या स्लिमपेक्षा मोकळी असू शकते, आणि 'रेग्युलर' तर प्रत्येक कंपनीची निराळी. कंपन्या राइजही वर-खाली करतात. राइज इंचभर कमी झाली की तीच कंबर पोटाखाली घसरते, शर्ट बाहेर येतो, खाली बसलं की मागून वारा लागतो. लेबलवर मात्र ३२ च असतं. म्हणून दर सीझनला नाव वाचून मागवणाऱ्याला दर सीझनला धक्का बसतो. मोहरी आणि मांडी आकड्यात बघितली तर नाव काहीही असो. पसरून मोजल्यावर मोहरी साडेसहाच्या आसपास असेल तर स्किनी, सातच्या जवळ स्लिम, आठच्या आसपास स्ट्रेट, नऊ आणि पुढे बॅगी, असा ढोबळ अंदाज धरा.

बॅगी हवी म्हणून नेहमीच्या स्लिमचा दोन नंबर मोठा साइज मागवणारे पुष्कळ आहेत. ते चालत नाही, आणि का चालत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. साइज वाढवताना कंबर पूर्ण वाढते, मांडी त्याच्या निम्म्याने वगैरे, आणि मोहरी अगदी थोडी. ३२ वरून ३६ वर गेलात की कंबर चार इंच सैल, राइज लोंबती, आणि पायाशी मोहरी जवळपास होती तशीच. बेल्ट आवळला की पुढे चुण्यांचा गठ्ठा. हे बॅगी नव्हे, दादाची पँट. बॅगी घ्यायची तर बॅगी म्हणून कापलेलीच, स्वतःच्या कंबरेच्या नंबरात. मांडी आपल्या नेहमीच्यापेक्षा दीड-दोन इंच जास्त चालेल, लांबी मात्र कमी घ्या. साडेपाच फुटांच्या माणसावर ३२ लांबीची बॅगी बुटावर वेटोळं करून बसते.

आणि जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात राहात असाल तर रुंद मोहरीचा हिशेब वेगळा करा. फूटपाथवरचं पाणी ती पोटरीपर्यंत शोषून घेते आणि ऑफिसात दुपारपर्यंत ओलीच राहते. ट्रेंड युरोपातल्या कोरड्या उन्हाळ्याच्या हिशेबाने येतात. आपल्या पावसाळ्यासाठी वजनाने हलकी, घोट्याच्या वर संपणारी जीन्स बरी. डेनिमचं वजन औंसात देतात, अख्ख्या जीन्सचं नव्हे, तर एक चौरस यार्ड कापडाचं: १२ औंसांखाली हलकं, १२ ते १६ मधलं, त्यावर जड. चौदा औंसांची जीन्स जुलैत दोरीवर घातली तर दोन दिवसांनीही खिशाचा कोपरा दमटच लागतो, आणि त्याला जो वास येतो तो कोणत्याही सॉफ्टनरने जात नाही.

सकाळी नीट, संध्याकाळी ढगळ

हे कापडाचं लक्षण आहे, मापाचं नाही. लेबलवर कॉटन ९८ टक्के, इलास्टेन २ टक्के असं काहीसं असतं. इलास्टेन ताणतं आणि परत येतं. ते हलक्या दर्जाचं असेल किंवा मेलं असेल तर ताणतं पण परत येत नाही, मग गुडघ्याला फुगे आणि मागे पोतं. इलास्टेनला उष्णता आणि क्लोरीनचं ब्लीच सोसत नाही. गरम पाणी, ड्रायर आणि कडक इस्त्री बंद केली की नवी जीन्स जास्त टिकते. जुनीचं काही होत नाही. स्ट्रेचवाली घेताना पहिल्या दिवशी जराशी घट्टच घ्या. शंभर टक्के कॉटनही दोन-चार वेळा घातल्यावर कंबरेत अर्धा-एक इंच देते, पण धुतली की पुन्हा आवळते.

रंग फोटोत वेगळा, सोफ्यावर वेगळा

फोटोतला निळा प्रकाशाचा आणि तुमच्या स्क्रीनचा असतो, त्यामुळे गिऱ्हाइकांनी घरात काढलेले फोटो बघा. रंग सुटण्याबद्दल मात्र समज दुरुस्त करायला हवा. इंडिगो सुताच्या आत भिनत नाही, बाहेरच्या थरावर बसतो. म्हणून तर जीन्स झिजून पांढरी दिसू लागते आणि त्यातच तिची मजा आहे. गडद जीन्स पहिले काही आठवडे पांढऱ्या बुटांना, फिक्या सोफ्याला आणि बाइकच्या सीटला रंग लावणारच. मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून इंडिगो पक्का होत नाही. उलटी करून, गार पाण्यात, वेगळी धुवा. इतकंच.

सेलमध्ये माझाच साइज का नसतो?

सीझनचा माल साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो. जून-जुलै आणि डिसेंबर-जानेवारीचे सेल म्हणजे उरलेला माल काढणं. ३०, ३२, ३४ सगळ्यात आधी उडतात, उरतात २८ आणि ४०. चालू कटची जीन्स हवी असेल तर सीझनच्या सुरुवातीला एक घ्या, आणि साधी गडद निळी स्ट्रेट, जिचा ट्रेंड कधी जात नाही, ती सेलमध्ये घ्या. दसरा-दिवाळीच्या आधीच्या मोठ्या सेलमध्ये छापील किंमत बघू नका. आवडलेली जीन्स यादीत टाकून महिनाभर तिचा भाव बघत राहा, 'सत्तर टक्के सूट' कुठल्या आकड्यावर आहे ते कळतं.

परत पाठवायची वेळ आली तर

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, टॅग कापू नका, धुऊ नका, आणि घालून बघण्याआधी टेप लावा. एक गोष्ट ऑर्डर करतानाच करायची: साइज चार्टचा स्क्रीनशॉट. कारण असं. 'बसली नाही' हा दोष धरला जात नाही, तिथे साइटच्या परतीच्या अटी चालतात, आणि काही ठिकाणी त्याचे पैसेही कापतात. पण चार्टवर मांडी १२ लिहिली आणि आली ११, तर वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीत दाखवली तशी नसलेली वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. स्क्रीनशॉटशेजारी टेप लावलेल्या जीन्सचा फोटो ठेवून लिहिलंत तर ग्राहक सेवेची भाषा बदलते. तरी दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

विक्रेत्याचं नाव आणि मूळ देश पानावर असायलाच हवा. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद लोकलमधून फिरलेल्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. उल्हासनगरात शिवलेला माल वाईट असतो असं मुळीच नाही, पण मग किंमतही उल्हासनगरची हवी.

परत पाठवू की शिंप्याकडे नेऊ?

कंबर दीड इंचापर्यंत मोठी असेल तर ठेवा. शिंपी मागची शिवण उसवून आत घेतो. त्याहून जास्त घेतलं तर मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला येतात. लांबी जास्त असेल तर ठेवा, पण आधी एकदा धुवा, मग कापा. कापताना मूळची झिजलेली कड हवी असेल तर शिंप्याला 'ओरिजिनल कड ठेवून' असं सांगा. तो खालची पट्टी कापून पुन्हा जोडतो, थोडे जास्त घेतो, आणि ते द्यावेत. खाली निमुळती होत जाणारी जीन्स तीन इंचांहून जास्त कापली तर मोहरी रुंदावते आणि गुडघ्याचा आकार पोटरीवर येतो, अशा वेळी मोहरीही बारीक करून घ्यावी लागते.

मांडी घट्ट, राइज कमी, बसल्यावर पुढे ताण पडून चेन आडवी तणावते: ही तीन लक्षणं असतील तर 'घालून सैल होईल' असं कोणी कितीही म्हणो, त्याच दिवशी रिटर्न टाका.